बांधावरची गौर

पेणच्या गणेशमूर्ती देशोदेशी जातात, पण त्या घडवायला लागणारी शाडूची माती येते गुजरातेतून. त्याच पेणमध्ये आणि कुंडलिकेकाठच्या रोह्यात गणपतीपाठोपाठ येणारी गौर मात्र मुळापासून इथल्या मातीची असते. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर बायका-मुली शेताकडे जातात, बांधाच्या उतारावरची फुललेली तेरड्याची रोपे मुळासकट उपटतात, माती धुऊन काढतात, जुडी बांधून ती सुपात घरी आणतात. धुतलेली मुळे हीच गौरीची पावले. मग जुडीला मुखवटा लागतो, साडी नेसवली जाते, भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवला जातो. दुसऱ्या दिवशी ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन, तिसऱ्या दिवशी मूळ नक्षत्रावर विसर्जन. कोकणातल्याच काही घरांत पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांची गौर असते, देशावर उभ्याच्या गौरी असतात. तेरड्याची गौर ही भाताच्या मुलखाची चाल आहे, आणि तिच्याकडे नुसता सण म्हणून पाहिले तर तिच्यातला मोठा भाग नजरेआड राहतो. माझे म्हणणे असे, की पावसाच्या उत्तरार्धात ओलसर आणि उन्हाच्या जागी फुलणाऱ्या इथल्या रानफुलांचा इतिहास हा भातशेतीच्याच इतिहासाचा भाग आहे. ही फुले इतक्या दाटीने टिकली ती माणसाच्या हातामुळे, आणि त्यांना ओळखण्याची विद्या गौरीच्या चालीने सांभाळली.

आधी रोप आणि त्याची जागा नीट पाहू. तेरड्याचे खोड रसरशीत, जवळजवळ आरपार दिसणारे, पेराशी तांबूस. पाने लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, कडेला बारीक दातेरी. फूल पानाच्या बगलेत येते, गुलाबी, जांभळट किंवा पांढरे. समोरून साधे वाटले तरी मागे वळवून पाहिले की एक बारीक वाकडी नळी दिसते. मध त्या नळीच्या टोकाशी असतो. फळ लवदार आणि मध्ये फुगीर, आणि पिकल्यावर बोट लागताच फुटते: साली गुंडाळल्या जातात आणि बी हातभर लांब उडते. असे नाजूक, पाण्याने भरलेले खोड घेऊन हे रोप उभे राहते ते नेमक्या जागीच. पाणी साचले तर मूळ कुजते, माती सुकली तर दुपारच्या उन्हात रोप माना टाकते, सावलीत ते नुसतेच उंच वाढते आणि फूल कमी धरते. भाताच्या खाचरात घोटाभर पाणी उभे असते. बांधाच्या पायथ्याला त्याची ओल सतत मिळते, वरून निचरा होतो, आणि श्रावण सरताना ढग फाटले की उतारावर थेट ऊन पडते. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या या मुलखात ओल सगळीकडेच असते. ओल, निचरा आणि ऊन तिन्ही एकत्र मिळणे मात्र दुर्मीळ, आणि बांधाच्या रूपाने अशी जागा शेतकऱ्याने मैलोन्‌मैल करून ठेवली.

ही जागा कशी घडली त्याचा माग कागदोपत्री लागतो. १८८३ साली निघालेल्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये भात हेच जिल्ह्याचे मुख्य पीक आहे. पेणच्या खाडीकाठी शिलोत्री नावाची जमीनधारणा होती. खाजणात बांध घालून जमीन लागवडीखाली आणायची, भरतीचे पाणी अडवणारा बाहेरचा बांध धडधाकट ठेवायचा, आणि त्या कामाबद्दल कुळांकडून धान्य घ्यायचे, असा शिलोत्रीदाराचा व्यवहार. स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ च्या खारजमीन कायद्याने हे काम सरकारी मंडळाकडे वळले. बाहेरकाठा (बाहेरचा बांध), उघाडी (बांधातली पाणी सोडायची झडप), खार (खाजणातून काढलेली जमीन) हे शब्द आजही पेणच्या पश्चिम पट्ट्यात रोजच्या बोलण्यात आहेत. खाऱ्या बाहेरकाठ्याशी तेरड्याचे काही जमत नाही. तिथे तिवरांचे आणि खार सोसणाऱ्या झुडपांचे राज्य. तेरड्याचा मुलूख सुरू होतो गोड्या जमिनीत, म्हणजे पेणकडून विनोबांच्या गागोद्याकडे डोंगर चढू लागतो तिथे, आणि रोह्याकडे नागोठणे-कोलाडच्या खाचरांत. या गोड्या बांधांना कायदा नव्हता की मंडळ नव्हते. दर वर्षी मृगाआधी शेतकरी ते स्वतः दुरुस्त करी: खचलेल्या जागी चिखलाचे ढेकूळ बसवी, उंदरांची बिळे बुजवी, कडेचे झुडूप कोयत्याने तोडी. या डागडुजीत उघडी पडलेली ताजी माती म्हणजे गेल्या वर्षी उडालेल्या बियांना आयता वाफाच.

भातशेतीच्या आणखी एका रिवाजाने फुलांची जागा ठरवली, तो म्हणजे राब. डहाळ्या, पालापाचोळा, शेण आणि गवत यांचा थर रोपवाटिकेवर पसरून उन्हाळ्यात भाजायचा, म्हणजे जमीन भाजते, राख मिसळते, आणि तणाचे बी जळून जाते. लावणीनंतर खाचरात पाणी उभे राहते, तेव्हा तिथेही रानफुलांना थारा नाही. म्हणून फुले लोटली गेली बांधावर आणि वरकस जमिनीवर. वरकस म्हणजे खाचरांच्या वरचे माळ-उतार. त्यांवर काही वर्षे नाचणी, वरी किंवा कारळे घ्यायचे, मग पड टाकायचे, आणि दरम्यान राबासाठी डहाळ्या नि गवत तिथूनच आणायचे. इंग्रजी सरकारच्या जंगलखात्याने या तोडीवर बंधने आणली तेव्हा ठाणे आणि कुलाबा या दोनच जिल्ह्यांतून इतक्या तक्रारी उठल्या, की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशीसाठी खास आयोग नेमावा लागला. त्या वादात कोण बरोबर होते हा प्रश्न वेगळा. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेण-रोह्याभोवतीचे उतार हे घनदाट रान नव्हते. ते दर वर्षी छाटलेले, चारलेले, भाजलेले, म्हणून उन्हाने भरलेले उतार होते. डॅल्झेल आणि गिब्सन यांचा १८६१ चा ‘बॉम्बे फ्लोरा’, पाठोपाठ थिओडोर कुक यांचे १९०१ ते १९०८ मध्ये खंडाखंडाने निघालेले मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचे पुस्तक, आणि अलीकडे १९९३ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षणातर्फे कोठारी व मूर्ती यांनी रायगडपुरती केलेली नोंद, हे ग्रंथ हातात घेताना ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवावी लागते. त्या अभ्यासकांनी पाहिलेली कोकणातली पावसाळी फुले बरीचशी अशाच माणसाळलेल्या जमिनीवर उभी होती.

तेरड्याच्या जोडीला बांधावर आणि ओल्या माळावर एक पुरा गोतावळा असतो. कळलावीचा वेल पानाच्या टोकाने आधार धरतो. हेच तिला ओळखायची खूण, कारण पानाचे टोकच तणावा बनून कुडाला वेटाळते. नागमोडी पाकळ्या आधी हिरवट पिवळ्या, मग टोकाकडून लाल होत जातात. गौरीच्या पूजेत तिला मानाचे स्थान आहे. कवल्याचे फूल पिवळेधमक, काही जातींत त्यावर लाल ठिपक्यांची जोडी, आणि पाने लाजाळूसारखी मिटणारी; आषाढात हाच कवला कोवळा असताना कातकरी नि ठाकूर बायका भाजी म्हणून बाजारात आणतात. माका ओल्या कडेला रांगत असतो, त्याचे पान चुरगळले की रस काळा पडतो. जिथे कातळावर पाण्याची पापुद्र्यासारखी धार वाहत असते तिथे सीतेची आसवे, निळ्या-जांभळ्या ठिपक्यांसारखी. मातीत पोषण नाही म्हणून ती मुळाशी असलेल्या बारीक पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून जगतात. त्यांच्या शेजारी गेंदाची पांढरी बोंडे. आघाडा, माका, दुर्वा पत्रीसाठी. कवला, केना, टाकळा भाजीसाठी. तेरडा, कळलावी गौरीसाठी. श्रावण-भाद्रपदातल्या कामांचा आणि व्रतांचा क्रम असा आहे, की घरातल्या दहा वर्षांच्या मुलीला बांधावरच्या डझनभर वनस्पती पानावरून ओळखता याव्या लागत. चुकीचे रोप सुपात आले तर आजी ते बाजूला काढी. वनस्पती ओळखण्याचे इतके पक्के शिक्षण शाळेने आजवर दिलेले नाही, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणेन.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. तेरडा शेतीच्या आधीपासून या मुलखात आहे. सह्याद्रीच्या ओहोळांच्या कडेला, दरडींवर तो आपोआप उगवतो, मग त्याच्या भरभराटीचे श्रेय शेतकऱ्याला का? तेरडा मूळचा इकडचाच, हे खरे. माणसाने त्याला निर्माण केले असे मी म्हणत नाही. पण ओहोळाची कड आणि ताजी दरड या जागा थोड्या आणि तात्पुरत्या. चार-पाच वर्षांत झाडोरा वाढून त्या सावलीत जातात. जागा कायम उघडी राहिली ती बांधावर. याचा पुरावा जमीन पडीक झाली की समोर येतो. पेण आणि रोहा तालुक्यांत ज्या खाचरांची लागवड थांबली, जिथे गुरे सुटली नाहीत आणि बांध कोणी छाटला नाही, तिथे रानफुले वाढलेली दिसत नाहीत. रानमोडी आणि घाणेरी माजलेली दिसते. अमेरिका खंडातून आलेली ही झुडपे दोन-तीन पावसाळ्यांत पुरुषभर वाढतात आणि त्यांच्याखाली तेरड्याला ऊन मिळत नाही. कासच्या पठारावर हाच धडा मोठ्या प्रमाणावर मिळाला. २०१२ साली जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या त्या पठाराला फुलांच्या रक्षणासाठी कुंपण घातले, चराई थांबली, आणि गवत व उंच वनस्पती वाढून लहान फुले मागे पडत असल्याची ओरड झाली. शेवटी कुंपण काढावे लागले. माणसाला आणि गुरांना दूर ठेवणे म्हणजेच रक्षण, ही समजूत सह्याद्रीच्या उन्हाच्या जागांना लागू पडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: गौर आणायची म्हणजे फुलात आलेले रोप मुळासकट उपटायचे. गावोगावी हजारो जुड्या निघत असतील तर चाल रोपाला जगवते की संपवते? इथे रोपाचा स्वभाव पाहिला पाहिजे. तेरडा वर्षायू आहे. पहिल्या पावसाला उगवतो, दिवाळीच्या सुमारास वाळून जातो. त्याचे पुढचे आयुष्य मुळात नसून बियांत असते. शिवाय तो खालून वर फुलत जातो, त्यामुळे शेंड्याला कळ्या असताना खालची फळे पिकलेली असू शकतात, आणि रोप उपटताना बसणाऱ्या हिसक्याने तीच फळे फुटून बी बांधावर पडते. तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण एका फुलाबद्दल खरी आहे, रोपाबद्दल नाही. रोप महिनाभराहून अधिक फुलत राहते. मात्र एक बाब मान्य केली पाहिजे. चांद्र पंचांगामुळे गौर कधी लवकर येते, कधी उशिरा. २०२३ साली अधिक श्रावण होता, तेव्हा गौरीचे आवाहन २१ सप्टेंबरला झाले. २०२५ साली ते ३१ ऑगस्टला आले. तीन आठवड्यांचा हा फरक तेरड्याच्या दृष्टीने फार मोठा आहे. लवकरच्या वर्षी पिकलेली फळे कमी असतात, आणि त्या वर्षी बांध साफ ओरबाडला तर पुढच्या पावसाळ्यात रोपे विरळ होतील. घरच्या बांधावरून घरची एक जुडी काढणाऱ्या बाईकडून असे होत नाही, कारण पुढच्या वर्षीही तिला तिथूनच गौर न्यायची असते. शहरी बाजारासाठी पोती भरणाऱ्याला ही अडचण नसते. दोष शोधायचा तर तो रिवाजात नसून बांधाशी नाते नसलेल्या मागणीत शोधावा. कळलावीचे गणित वेगळे: ती कंदावर जगते, बहुवर्षायू आहे. चालीने तिचे फक्त फूल मागितले, कंद मागितला नाही. तो कंद औषधी व्यापारासाठी खणून नेणे हे खरे संकट.

तिसरा आक्षेप शेतकऱ्याचा, आणि तो सर्वांत ऐकण्याजोगा. बांधावरचे तण म्हणजे किडीचे घर आणि मजुरीचा खर्च. फुलांचे कौतुक करणाऱ्याला भात पिकवावा लागत नाही. मजूर मिळत नाहीत, तणनाशकाचा पंप तासाभरात बांध मोकळा करतो, हे वास्तव आहे आणि त्यावर उपदेश करून काही साधत नाही. पण हिशेब पुरा मांडावा. २०१६ साली थायलंड, चीन आणि व्हिएतनाममधल्या भातशेतांवरच्या अनेक वर्षांच्या प्रयोगांचा एकत्र निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बांधावर मध देणारी फुलझाडे ठेवली तेव्हा तुडतुड्यांच्या अंड्यांवर जगणारे मित्रकीटक वाढले, कीटकनाशकांचा वापर सुमारे ७० टक्क्यांनी घटला, उत्पादन ५ टक्क्यांनी वाढले. तिथे मुख्यतः तिळासारखी झाडे लावली होती, तेरडा नव्हे. म्हणून तेच आकडे पेणच्या खाचराला चिकटवता येणार नाहीत. पण फुललेला बांध म्हणजे नुकसानच, हे गृहीत मात्र त्या प्रयोगांनी मोडले. शिवाय तणनाशकाने उघडा पडलेला बांध पहिल्या जोरदार सरीला खचतो, आणि रिकाम्या जागेत पुढच्या वर्षी तेरडा परत येईल याची खात्री नसते. गाजरगवत किंवा रानमोडी मात्र हमखास येते.

खरा घाला बसला तो बांधच नाहीसा होण्याने. रोह्याजवळ धाटावला औद्योगिक वसाहत आली, कोकण रेल्वे रोह्यापासून पुढे सुरू झाली, मुंबई-गोवा महामार्ग रुंद होत गेला. प्रत्येक कामाला मुरुमाचा भराव लागला आणि खाचरे बुजली. पेणच्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) जमीन द्यायची की नाही यावर २१ सप्टेंबर २००८ रोजी जनमत घेतले गेले, तेव्हा चर्चा एकरी भावाची, सिंचनाची आणि पिकाची झाली. ती रास्तच होती. बांधाची मात्र कोणत्याच मोबदल्यात वेगळी नोंद होत नाही. सातबाऱ्यावर त्याचे पीक शून्य. भरावाच्या कडेला पुढच्या पावसात जे पिवळे-नारिंगी ताटवे दिसतात त्यांचे फोटो इथली रानफुले म्हणून हौसेने काढले जातात, पण बहुतेक वेळा तो मेक्सिकोकडून आलेला कॉसमॉस असतो. ओळखायची खूण सोपी: कॉसमॉसचे पान फाटलेले, झालरीसारखे, फूल उंच देठावर एकटे, आणि वाळल्यावर काळ्या लांब बियांचा झुपका कपड्याला चिकटणारा. ही चूक होते याचे कारण नजर कमी झाली हे नव्हे, तर नजर तयार करणारे काम संपले हे आहे. तयार जुडी पेणच्या किंवा दादरच्या बाजारात मिळाली की बांधापर्यंत जायचे कारण उरत नाही.

मग आज ही फुले वाढवायची कशी? रोपवाटिकेतून तेरड्याचे पाकीट आणून पेरणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत चुकीचा मार्ग. बागेतला दुहेरी पाकळ्यांचा तेरडा त्याच जातीचा आहे. सोळाव्या शतकापासून युरोपच्या बागांत आणि त्याआधीपासून पूर्व आशियात तो निवडीने घडवला गेला. कोरियात मुली त्याच्या फुलांनी नखे रंगवतात. तो सुंदर आहे, पण बांधाजवळ लावला तर इथल्या साध्या तेरड्याशी त्याचा संकर होतो, आणि दाट पाकळ्यांच्या फुलात मधमाशीला नळीपर्यंत पोचणे अवघड जाते. बी आपल्याच शिवारातले घ्यावे. फळ फुगून फिकट पडले, पण फुटले नाही, अशा वेळी मुठीत पूर्ण झाकून खुडायचे आणि कापडी पिशवीत टाकायचे. पिशवीतच ते फुटू द्यायचे. सावलीत वाळवून कोरड्या डब्यात ठेवलेले बी मृगाच्या पहिल्या सरींनंतर उतारावर नुसते भुरभुरावे, खोल पुरू नये, खत घालू नये. पाने खाणाऱ्या जाड अळ्या दिसल्या तर घाबरू नये. त्या हॉकमॉथ पतंगाच्या असतात आणि दाट वाढलेल्या तेरड्याला त्यांचा भार सोसतो. आजूबाजूचे गवत जुलैत एकदा कापले की पुरते, नंतर कोयता आवरता घ्यावा तो आश्विन सरेपर्यंत. कळलावीचा कंद वैशाखाच्या अखेरीस कुडाशी लावता येतो, मात्र तो आणि त्याचा रस विषारी आहे. मुलांच्या हाताशी ठेवू नये. कवल्याचे बी ओल्या बांधावर चांगले रुजते. सीतेची आसवे आणि गेंद हलवायच्या फंदात पडूच नये, कारण त्यांना लागणारी पाण्याची पातळ धार आपल्याला तयार करता येत नाही. ती जिथे आहे तो कातळ फोडला जाणार नाही एवढे पाहणे हीच त्यांची लागवड.

आणि गौरीच्या चालीत एक छोटा बदल करावा, जो तिच्या अंगभूत शहाणपणाशी जुळेल. पेणच्या खाडीकाठच्या गावांत विसर्जन खाऱ्या पाण्यात होते आणि जुडीबरोबर तिचे पिकलेले बी वाया जाते. तीन दिवस घरात राहिलेल्या जुडीतही काही फळे पिकलेली असतात. विसर्जनाला निघताना साडी नि मुखवटा उतरवला, की ती फळे सुपात फोडून घ्यावीत, आणि ते बी ज्या बांधावरून गौर आणली त्याच बांधावर नेऊन टाकावे. बाजारातून जुडी घेणाऱ्यांनी विकणाऱ्या बाईला ती कोणत्या गावची हे विचारावे. तिच्या गावाकडे एखादी फेरी असेल तर तिच्याच हाती बी परत द्यावे. लवकर येणाऱ्या गौरीच्या वर्षी जुडी लहान बांधावी आणि उरलेली रोपे बांधावरच सोडावीत.